साताऱ्यात राहून डेटिंग ॲप वापरताय? मग आधी एवढं करा

साताऱ्यासारख्या गावात डेटिंग ॲप वापरणाऱ्याच्या मनात दोन भीती असतात. समोरचा खोटा निघाला तर? आणि ओळखीच्या कुणी पाहिलं तर? माझ्या मते दुसरी भीतीच जास्त घात करते. कुणाला कळू नये म्हणून माणूस सगळं एकट्याने निस्तरत बसतो आणि फसवणाऱ्याचं फावतं. म्हणून ॲप घेण्याआधी विश्वासातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. मैत्रीण, भाऊ, वहिनी, कुणीही चालेल.

प्रोफाइल तयार करताना

नाव फक्त पहिलं टाका. घराचं फाटक, गाडीचा नंबर किंवा कॉलेजचं ओळखपत्र दिसेल असा फोटो नको. फेसबुक-इन्स्टाग्रामवर आधी टाकलेला फोटोही नको, कारण त्यावरून शोध घेतला की तुमचं पूर्ण नाव सापडतं.

लोकेशनची परवानगी 'ॲप वापरत असतानाच' एवढीच द्या आणि 'अचूक लोकेशन' बंद करा. बरीच ॲप तुमच्यातलं अंतर किलोमीटरमध्ये दाखवतात. मुंबईत दोन किलोमीटरच्या आत लाखो माणसं राहतात. आपल्याकडे तेवढं अंतर, कॉलेजचं नाव आणि एक फोटो मिळाला की चौकशी करत कुणीही दारापर्यंत येऊ शकतं. मामेभावाला प्रोफाइल दिसू नये असं वाटत असेल, तर टिंडरसारख्या ॲपमध्ये ठरावीक नंबर आधीच ब्लॉक करता येतात.

समोरचा खरा आहे का, हे बघताना

बऱ्याच फुकट ॲपवर खातं उघडायला जवळपास काहीच लागत नाही, त्यामुळे तपासायचं काम आपल्यालाच करावं लागतं. प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या आणि एकेक फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगलच्या सोयीत, टाका. तोच चेहरा दुसऱ्या नावाने किंवा एखाद्या मॉडेलच्या पानावर दिसला तर तिथेच थांबा. काही सापडलं नाही म्हणजे माणूस खरा, असंही धरून चालू नका. व्हेरिफाइडची खूण असली तर चांगलंच, पण ती फार तर चेहरा जुळल्याचं सांगते. माणूस कसा आहे, लग्न झालंय का, हे तिच्यावरून कळत नाही.

वर्दीतल्या फोटोबद्दल आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला हवं. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपली, घराघरातली माणसं सैन्यात, त्यामुळे वर्दी दिसली की आपला विश्वास लगेच बसतो. फसवणारे चोरलेला वर्दीतला फोटो लावतात आणि म्हणतात, "सीमेवर पोस्टिंग आहे, व्हिडिओ कॉल करता येत नाही." जुलै २०२० मध्ये लष्कराने जवान आणि अधिकाऱ्यांना ८९ ॲप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितलं होतं. त्या यादीत टिंडरसह बरीच डेटिंग ॲप होती. त्यामुळे वर्दीतला फोटो लावून डेटिंग ॲपवर बसलेल्या माणसाबद्दल आधी शंकाच घ्या. घरात कुणी फौजी असेल तर त्यांच्याशी बोलून घ्या, दोन प्रश्नांत त्यांना खरं-खोटं कळेल.

'मी साताऱ्याचाच' म्हणणाऱ्याला बोलता बोलता विचारा, पोवई नाक्यावरून राजवाड्याला राजपथाने जातोस की कर्मवीर पथाने? उत्तर नकाशात बघूनही देता येतं, पण इथला माणूस त्यावर चार वाक्यं जास्तीची बोलतो. मग ॲपमधूनच छोटा व्हिडिओ कॉल करा. चेहरा बाजूला वळवायला आणि चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. बनावट चेहरा लावलेला असेल तर तो अशा वेळी बऱ्याचदा हलतो, फाटतो. आठ-दहा दिवस गोड बोलूनही जो कॉल टाळतो, त्याच्याशी बोलणं बंद करा.

पैशाचा विषय निघाला की

आई दवाखान्यात आहे. परदेशातून भेट पाठवली आहे, ती कस्टममध्ये अडकली आहे. एका ट्रेडिंग ॲपवर माझे पैसे दुप्पट झाले, तूही टाक. गोष्ट कुठलीही असो, न भेटलेल्या माणसाला एक रुपयाही पाठवायचा नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. "तुला पैसे पाठवतोय, पिन टाक" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा.

पहिली भेट

कुणी बघू नये म्हणून बरेच जण पहिल्याच भेटीला यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागतात किंवा ठोसेघरला जातात. असं करू नका. तिकडे रेंजचा भरवसा नाही आणि दुसऱ्याच्या गाडीवर गेलात तर परतणं तुमच्या हातात राहत नाही. पोवई नाक्यावरच्या वर्दळीच्या कॅफेत दिवसाउजेडी भेटा. काकांनी पाहिलं तर घरी चार प्रश्न विचारले जातील, त्याला उत्तर देता येतं. आपल्या गाडीने जा. ज्याला आधी सांगून ठेवलंय त्याला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवा, त्यात एक तास किंवा आठ तास निवडता येतात. आपला ग्लास सोडून उठू नका. काही वावगं वाटलं तर कारण न देता निघा, गरज पडली तर ११२ लावा.

फसवणूक झालीच तर

सर्वांत क्रूर प्रकार व्हिडिओ कॉलचा. समोरची व्यक्ती कपडे काढते, तुम्हालाही सांगते, सगळं रेकॉर्ड होतं आणि मग नातेवाइकांना पाठवण्याची धमकी येते. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढत जाते. कृपा करून एकटे बसू नका, सुरुवातीला ज्याला सांगून ठेवलं होतं त्याला लगेच फोन लावा. हा गुन्हा तुमच्यावर झालेला आहे.

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा आणि बँकेलाही कळवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ वापरा. तिथे फोटो तुमच्या मोबाइलमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यावरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी तो फोटो रोखला जातो. पोलिसात जायला गावातलं ठाणं नको वाटत असेल तर कऱ्हाडला जा, पुण्याला जा. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतली जाणारी तक्रार, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

रागाच्या भरात लगेच अनमॅच मात्र करू नका, म्हणजे ॲपवरची जोडणी तोडू नका, सगळं चॅट निघून जातं. आधी प्रोफाइल, बोलणं, नंबर आणि यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ॲपवर रिपोर्ट करा आणि ब्लॉक सगळ्यांत शेवटी.