ऑस्बॉर्नची फ्लॉपी कायप्रोत वाचली जात नसेल तर

जळगाव-भुसावळकडे कोणाला भंगारात ऑस्बॉर्न १ किंवा कायप्रो २ हा १९८०च्या दशकातला उचलून नेता येणारा संगणक सापडलाच भो, तर आधी एक बघा, दोघांत झेड-८० प्रोसेसर अन् सीपी/एम ऑपरेटिंग सिस्टिम असली तरी सव्वापाच इंची फ्लॉपीचा फॉरमॅट वेगळाय. म्हणून फाइल आरएस-२३२ ला (सिरियल पोर्टला) नल मोडेम केबल, म्हणजे दोन संगणक थेट जोडणारी केबल, लावून पाठवा, बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) दोन्हीकडे सारखाच, सुरुवातीला ३०० ठेवा, हळू जाईल पण स्क्रीनवर कचरा तरी येणार नाही. मग वर्डस्टारचा (मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरचा) इन्स्टॉल प्रोग्रॅम चालवून स्क्रीन सेट करा, कारण ऑस्बॉर्नवर ओळीत ५२च अक्षरं दिसतात, कायप्रोवर ८०. डॉस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची कॉम (.COM) फाइल मात्र इथे चालवूच नका, एक्स्टेन्शन सीपी/एमच्या प्रोग्रॅमचंच असलं तरी ती ८०८८ या वेगळ्या प्रोसेसरसाठीची असते, तिला १९८३च्या कॉम्पॅक पोर्टेबलसारखं मशीन लागतं.