वाडीतली बाई निवडणुकीला उभी करताना

ग्रामपंचायतीच्या आरक्षण सोडतीत महिलांची जागा निघाली, की गावकीतले पुढारी स्वतःच्या बायकोचं नाव पुढे करतात. त्याआधीच बचतगटाचा हिशोब ठेवणारी बाई हेरा. बँकेत, पंचायत समितीत तिची ये-जा असते. वय 21 पूर्ण आणि नाव मतदार यादीत हवं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं असेल, तर अर्ज बाद.

जातीसाठी राखीव जागेवर खरी गोची नावाची: जातीचा दाखला माहेरच्या नावाने, मतदार यादी सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐनवेळी तालुक्याला खेपा घालून भागत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावत्या जपा.

मुंबईच्या चाकरमान्यांना फोन तिनेच करावा, नवऱ्याने नव्हे. सरपंच झाली, तर कोऱ्या चेकवर सही करायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.