'बीपी नॉर्मल आहे सर' आणि अपघाताचा पेशंट नेताना होणाऱ्या बाकीच्या चुका

अँब्युलन्सवर नवीन पोरगं आलं की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य ऐकायला मिळतं, "सर बीपी नॉर्मल, पेशंट स्टेबल." माझं डोकं फिरतं. अरे, तरण्याताठ्या माणसाचं लिटरभर रक्त गेलं तरी वरचं बीपी जागच्या जागी असू शकतं, शरीर हातापायाच्या नसा आवळतं, हार्ट पळवतं आणि तो आकडा कसाबसा धरून ठेवतं, साधारण 30 टक्के रक्त जाईपर्यंत, मग जे पडतं ते धाडकन.

कशेडी घाटाखाली, जानेवारीतली रात्र, बाइक आणि टेम्पो. बाइकवर दोघं. एकाच्या डोक्याला खोक, तोंड लालभडक, बोंबाबोंब एवढी की सगळी गर्दी त्याच्याभोवती, आणि आम्हीपण. दुसरा कठड्याला लागून पडलेला, एकदम शांत, "मला काय नाय झालं, जरा पाणी द्या." नव्या मुलाने बीपी घेतलं, 114/92, लिहिलं स्टेबल, आणि खरं सांगायचं तर मीपण मान डोलावली. दहा मिनिटं त्या खोकेवर पट्ट्या गुंडाळत बसलो. मग त्या शांत पडलेल्याला उचलायला गेलो तर मनगट बर्फासारखं, आम्ही जॅकेटमध्ये कुडकुडतोय आणि ह्याचा शर्ट घामाने चिंब, वर जांभया देतोय. नाडी 126. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेला की माझ्यासाठी विषय संपला, रक्त आत कुठेतरी चाललंय. खुब्याचं हाड, म्हणजे कमरेखालचं पेल्विस, फुटलं होतं, बाहेर थेंबभर रक्त नाही. वाटेत बीपी 70 वर आलं. वाचला तो, पण सर्जनने एवढंच विचारलं, "ही दहा मिनिटं कुठं होतात?"

तेव्हापासून मशीन काढायच्या आधी मी मनगट धरतो. थंड आहे का, घाम आहे का, नख दाबून सोडल्यावर गुलाबी व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का. दर पाच मिनिटांनी परत. आकडे कागदावर नाही, पेशंटच्या मांडीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहितो, कागद घाटात उडून जातो.

खुब्यावरून आठवलं, तो हलवून बघू नका. फुटलाय का ते तपासायला दोन्ही बाजूंनी दाबायचं आणि आत धरलेली गुठळी सोडवायची, कुणी शिकवलंय हे? जोरात आदळलाय, तिथं दुखतंय किंवा माणूस शुद्धीवर नाही, तर फुटलाय असं धरा आणि बांधा. आणि बांधायचं कुठं? नव्वद टक्के लोक लुंगीसारखं कमरेला बांधतात. खाली यायचं, मांडीच्या हाडाचा बाहेरून हाताला लागणारा उंचवटा असतो तिथं. पट्टा नसेल तर चादरीची वीतभर रुंद घडी चालते, मी गुडघेपण एकत्र बांधतो. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून आलेल्यांना हे बोअर वाटतं, त्यांना सायरन वाजवायचा असतो.

बाकीचं पटापट.

पट्टीवर पट्टी चढवत राहू नका, भिजली म्हणजे दाब चुकीच्या जागी आहे, जखमेवरच बोटांनी दाबा. हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल तर टूर्निकेट, म्हणजे रक्त अडवणारा आवळपट्टा, जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहा. दुखतंय म्हणून ओरडतो, ओरडू दे, सैल करू नका.

सळई, काच घुसली असेल तर उपटू नका.

पाणी नाही. नातेवाईक कितीही हातापाया पडू देत. ऑपरेशन लागू शकतं.

तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका, ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत घाला, ती पिशवी बर्फावर.

हेल्मेट एकट्याने ओढू नका, एकाने मान धरायची, दुसऱ्याने काढायचं.

एसी बंद. पायलटला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, उकडतंय, उकडू दे. गारठलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही, ओले कपडे काढा आणि ब्लँकेट टाका.

आणि निघतानाच हॉस्पिटलला फोन, गेटवर पोचल्यावर नाही. "अपघात आहे, येतोय" एवढ्यावर कोण उठणार? वय, काय झालं, कुठं लागलं, नाडी, बीपी, किती मिनिटांत पोचतोय, रक्ताची तयारी ठेवा.