घरच्या छोट्या कारंज्याला मन शांत करणारा आवाज कसा आणायचा

टेबलावर ठेवायचं छोटं कारंजं घरी कसं बनवायचं हे सांगणारे बहुतेक लेख दगड कसे रचायचे, शेजारी कुठलं झाड ठेवायचं, लाइट कुठला लावायचा यातच संपतात, आणि आवाजाबद्दल एकच वाक्य असतं की पाण्याच्या आवाजाने मन शांत होतं. कुठल्या पाण्याच्या? बाथरूममधला गळका नळ हाही पाण्याचाच आवाज आहे, त्याने झोप उडते. लोक हौसेने कारंजं बनवतात, आठवडाभर लावतात आणि मग ते कपाटावर जातं, कारण ते दिसायला छान असतं पण ऐकायला त्रास देतं. मी बरीच कारंजी बनवली आहेत, स्वतःसाठी आणि इतरांसाठीही, आणि माझं ठाम मत आहे की आधी आवाज जमवायचा, सजावट सगळ्यात शेवटी.

सामान थोडंच लागतं. साधारण ३० सेंमी रुंद आणि १५ सेंमी खोल भांडं, आतून ग्लेझ केलेलं (साधं मातीचं पाझरतं आणि टेबलावर डाग पाडतं), छोटा सबमर्सिबल पंप, त्याला बसणारा पाइप, धुतलेले गोटे, दोन-तीन पातळ चपटे दगड किंवा फरशीचे तुकडे, आणि एक जुना स्पंज. स्पंज विसरू नका, त्याचं काम पुढे आहे.

पंप घेताना खोक्यावरची उंची बघून फसू नका. तिथे लिहिलेली कमाल उंची म्हणजे पाणी जिथे पोचून थांबतं ती उंची, त्या ठिकाणी धार शून्य असते. पाणी २५ सेंमी वर न्यायचं असेल तर निदान ६०-७० सेंमी लिहिलेला पंप घ्या, आणि धार कमी-जास्त करायची पट्टी त्यावर असलीच पाहिजे. यूएसबीवर चालणारा ५ व्होल्टचा असेल तर उत्तम, पाण्यात हात घालायची वेळ सारखी येते. तरीही हात घालण्याआधी प्लग काढायचाच, आणि वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली लोंबती ठेवायची म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच गळून पडतं, सॉकेटात जात नाही.

पंप भांड्याच्या तळाशी बसवा, पाइप लावा, पंप पूर्ण बुडेल इतकं पाणी भरा, चालू करा. झालं.

आता आवाज. मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, त्यामुळे इथे घाई करू नका.

पहिली गोष्ट, पाणी पाण्यावर आपटतं म्हणून तो गोड टपटप आवाज येतो असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. थेंब पडला की पाण्यात खळगा होतो, तो मिटताना खाली हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो आणि तो बुडबुडा थरथरतो, तो आवाज आपल्याला ऐकू येतो. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याचं गणित मांडलं, बुडबुडा जितका मोठा तितका स्वर खालचा. १ मिमी त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३३०० हर्ट्झचा आवाज देतो, ३ मिमीचा ११०० च्या आसपास. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्याने हेच बारकाईने पाहिलं आणि त्यात एक घरगुती उपयोगाची गोष्ट निघाली, पाण्यात भांडी घासायचा साबण घातला की थेंबाचा आवाज बंद होतो. म्हणून सांगते, भांडं आणि दगड साबणाने धुतले असतील तर पुन्हा पुन्हा साध्या पाण्याने खळखळून घ्या, नाहीतर सगळं नीट करूनही आवाज मेलेला येईल आणि तुम्ही पंपाला दोष देत बसाल.

यातून दोन गोष्टी लगेच कळतात. एक, दगडावरून ओघळत जाणारं पाणी जवळजवळ मुकं असतं. लोक उंच दगडांची उतरंड रचतात, पाणी त्यावरून अंगाला चिकटून वाहतं आणि आवाज म्हणून फक्त पंपाची घरघर येते. पाण्याला हवेतून सुटून पडायला जागा द्यावी लागते. दोन, पडायच्या जागी खाली खोल पाणी हवं. उथळ पाण्यात किंवा थेट दगडावर पडणाऱ्या धारेचा चटचट, फसफस असा वरच्या पट्टीतला आवाज होतो जो दहा मिनिटांत डोक्यात जातो. पाणी पडतं तिथून गोटे बाजूला करा, निदान ८-१० सेंमी मोकळं पाणी ठेवा.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक, एकच जाड धार. पाइपातून थेट भांड्यात पडणारी एक सलग धार अगदी उघड्या राहिलेल्या नळासारखी ऐकू येते, घरातला प्रत्येक जण एकदा उठून बाथरूम बघून येतो, आणि लघवीला जावंसं वाटतं ते वेगळंच, हे खरंच होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. धार बारीक केली की प्रश्न सुटतो असं बरेच जण सांगतात, सुटत नाही, बारीक नळाचा आवाज येतो. धार फोडावी लागते. पाइपाचं तोंड एका चपट्या दगडावर वळवा, पाणी त्यावर पसरू दे आणि त्या दगडाच्या कडेवरून दोन-तीन ठिकाणांहून वेगवेगळ्या उंचीवरून पडू दे. एक ठिकाण ४-५ सेंमीवरून, दुसरं ८-१० सेंमीवरून, तिसरं असेल तर नुसते थेंब. वेगळी उंची, वेगळी जाडी म्हणजे वेगळ्या आकाराचे बुडबुडे, आणि ते कधीच एका ठेक्यात पडत नाहीत. कान ठेका शोधत असतो, ठेका सापडला की तो पुढच्या थेंबाची वाट बघायला लागतो, आणि वाट बघणारं डोकं शांत कसं होणार. १० सेंमीच्या वर जायचा मोह टाळा, पाणी बाहेर उडतं. माझा नियम असा की जेवढी पडायची उंची त्यापेक्षा भांड्याची कड पडायच्या जागेपासून लांब हवी.

दगडाच्या कडेशी अजून एक भांडण होणार आहे. पाणी कडेवरून सरळ खाली पडत नाही, दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून मागे सरकतं, किटलीच्या तोंडाखालून चहा ओघळतो ना तसंच, आणि मागच्या मागे मुकाट उतरतं. यासाठी गोल कडेचा दगड नकोच, फुटलेल्या फरशीची धारदार कड हवी. कानशीने कडेला दोन छोट्या खाचा करा, जिथे खाच तिथे धार. हे हाताने करायचं काम आहे आणि मला तरी ते फार आवडतं, एकदा कानस मारायची, पाणी लावायचं, ऐकायचं, परत एकदा कानस. कोरडी घासू नका, दगडाची धूळ नाकात जाणं वाईट, ओली करून घासा. तरी पाणी मागे सरकलंच तर कडेच्या खालच्या बाजूला, दगड कोरडा करून, मेणबत्तीचं मेण चोळा, पाणी मेणाला धरत नाही आणि सुटून पडतं. तेल लावू नका, त्याचा तवंग येतो. आणि घरी मातीच्या पन्हळी बनवायची हौस असेल तर भाजल्याशिवाय वापरू नका, नुसती वाळवलेली माती पाण्यात विरघळून पंपात जाते.

आता स्पंज. कारंजं चालू असताना सगळं एकत्र ऐकू येतं आणि नेमकं काय खटकतंय ते कळत नाही. पाणी पडतं तिथे प्रत्येक ठिकाणी स्पंजचा तुकडा असा धरा की तो थोडा पाण्याबाहेर राहील आणि धार त्यावर झेलली जाईल, म्हणजे पाण्याचा आवाज बंद. आता जे ऐकू येतंय तो फक्त पंप. घरघर असेल तर पंप भांड्याला टेकून थरथरतोय, त्याच्याखाली पातळ स्पंज द्या, पाइप भांड्याच्या कडेला घासत असेल तर सोडवा, भांड्याखाली जाड कापडाची घडी घाला कारण लाकडी टेबल ती थरथर मोठी करून ऐकवतं. पंप गप्प झाला की मग एकेक स्पंज काढा आणि एकेक धार वेगळी ऐका. जी एकटी ऐकायला बरी वाटत नाही ती सगळ्यांत मिसळूनही बरी वाटणार नाही, तिची उंची बोटाने वर-खाली करून बघा. अर्धा सेंमीचा फरक पडतो, खरंच पडतो, कारण ठराविक उंचीवरून आणि ठराविक आकाराच्याच थेंबाखाली बुडबुडा नेमाने अडकतो, जरा इकडे तिकडे झालं की तोच थेंब मुका होतो.

हे सगळं दिवसा, पंखा चालू असताना करू नका. रात्री घर शांत झाल्यावर करा, नाहीतर दिवसा जो आवाज नाजूक वाटला तो रात्री धबधबा वाटतो. शेवटी मोठेपणा तपासायला खोलीत कुणाशी तरी हळू आवाजात बोलून बघा, आवाज चढवावा लागला तर पंपावरच्या पट्टीने धार कमी करा.

मग सजवा हवं तसं. फक्त पडायच्या जागा मोकळ्या ठेवा.

कोपऱ्यात ठेवलं की खालचे आवाज घुमतात, काचेजवळ ठेवलं की वरचे टोचतात. पडदा, उशा, पुस्तकं असलेल्या बाजूला ठेवा. थेट ऊन नको, शेवाळ धरतं.

आणि आता बसायचं कसं, कारण नुसतं कारंज्यासमोर हात बांधून बसा आणि शांत व्हा हा सल्ला मला अजिबात पटत नाही. रिकामे हात लगेच फोनकडे जातात. हाताला काहीतरी साधं, परत परत तेच करायचं काम द्या. क्रोशाच्या सरळ ओळी, धावदोरा, लाकडाचा तुकडा पॉलिश पेपरने घासणं. नवीन डिझाइन या वेळेला घेऊ नका, टाके मोजावे लागले की कान बंद होतात. नुसते खांबावर खांब (क्रोशाचा साधा उभा टाका) घालत जायचे, चुकलं तर उसवायचं. आवाज सतत चालू ठेवू नका, दिवसभर चालणारं कारंजं तिसऱ्या दिवशी ऐकू यायचं बंद होतं, पंख्याचं होतं तसं. कामाला बसताना लावायचं, उठताना बंद करायचं, एवढीच शिस्त पाळा, म्हणजे काही आठवड्यांत पंप चालू केल्याबरोबर खांदे आपोआप खाली येतात.

देखभालीचं थोडक्यात: पाणी रोज बघा, उडून कमी होतं आणि पंप उघडा पडून कोरडा चालला तर जळतो. शिवाय पातळी खाली गेली की पडायची उंची वाढते आणि जमवलेला आवाज बदलतो, म्हणून भांड्याच्या आत पातळीची खूण करून ठेवा. दर आठवड्याला पाणी बदला आणि काठ घासून काढा, कारण काही डासांची अंडी पाण्याच्या वर काठाला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. गावाला जाणार असाल तर रिकामं करूनच जा. जड पाण्याने पांढरा थर बसला तर व्हिनेगरमध्ये भिजवून ब्रशने घासा, पण दगड संगमरवरी असेल तर त्याला व्हिनेगर लावू नका, तो झिजतो.

आणि शेजारी बसून विणकाम करत असाल तर लोकरीचे बारीक तंतू पाण्यात पडतात, पंपात ओढले जातात आणि आतल्या फिरकीला गुंडाळतात. धार अचानक मंदावली आणि घरघर सुरू झाली तर नवीन पंप आणायला धावू नका, पुढचं झाकण काढा, चुंबक असलेली ती फिरकी बाहेर ओढा आणि चिमट्याने तंतू सोडवा. पंपाच्या तोंडाला जुन्या पायमोज्याचा पातळ तुकडा बांधून ठेवला की हे काम महिन्यांनीच निघतं.