पहिलं पिस्तूल आणि डबीतले पाचशे छर्रे

कोल्हापुरात ‘मी शूटिंगला जाते’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या सिरियलचं? पिस्तूल म्हटल्यावर दुसरा: लायसन्स काढलंस काय? मी एका पतसंस्थेत हिशेब बघते, वय एकेचाळीस, आणि गेली पाच वर्षं आठवड्यातून तीन दिवस दहा मीटरवरच्या कागदाला भोकं पाडते. राज्यस्तर वगैरे काही नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या दहात आले की घरी बासुंदी होते, इतपतच.

२०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून पदक आणलं तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात, ‘पहिलं पिस्तूल कुठलं घेऊ?’ स्वप्नीलचा प्रकार रायफलचा, पण ते असू दे. पिस्तुलात आमच्या गावाकडे राही सरनोबत आहे, २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटरला सुवर्ण मिळवलेली. प्रश्नाचं माझं उत्तर मात्र ऐकणाऱ्याला आवडत नाही. निदान सहा महिने काही घेऊ नका. रेंजवरचं क्लबचं पिस्तूल वापरा आणि पैसे छर्ऱ्यांवर घाला.

आधी कायद्याचं, कारण घरच्यांना तेच हवं असतं. एअर पिस्तुलाचा, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या पिस्तुलाचा, बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास सोडतं. हिशेब केला तर साडेपाच-सहा ज्यूल होतात, म्हणजे मर्यादेच्या बऱ्याच आत. तरी बिल जपून ठेवा, क्लबचं ओळखपत्र जवळ असू द्या आणि पिस्तूल पेटीतूनच न्या. रिक्षात पेटी उघडून मित्राला दाखवायची हौस करू नका. लांबून बघणाऱ्याला ते खरंच वाटतं, आणि डोळा फोडायला सहा ज्यूल पुरेसे आहेत.

.२२ च्या, म्हणजे काडतुसाच्या, पिस्तुलाचा विचार पहिल्या वर्षी नकोच. त्याला लायसन्स लागतं, काडतुसं किती घ्यायची यालाही मर्यादा असते, आणि प्रत्येक आवाजागणिक पैसे जातात. हात स्थिर धरणं आणि ट्रिगर सरळ मागे घेणं हे सगळं एअर पिस्तुलावर शिकता येतं, आवाज आणि धक्का नसल्यामुळे जास्त चांगलं शिकता येतं.

आता सहा महिने थांबायचं का, ते सांगते. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, साधारण एक फूट अंतर. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली तरी दहा मीटरवर छर्रा तीन सेंटिमीटरच्या वर सरकतो, म्हणजे चार रिंगा गेल्या. याउलट हात हलतो पण दोन्ही साइट एका रेषेत राहतात तेव्हा नुकसान थोडक्यात निभावतं. म्हणून रेंजवर शिकवणारे आमचे सर पहिल्या दिवसापासून एकच ओरडतात, ‘ताई, टार्गेट बघू नका, साइट बघा!’ टार्गेट धूसर दिसायला हवं, साइटची वरची कड लख्ख. हे डोळ्याच्या अंगवळणी पडायला मला चार महिने लागले. तेवढ्या काळात हातात दीड लाखाचं पिस्तूल असतं काय नि क्लबचं झिजलेलं असतं काय, माझे छर्रे पाचपासून नऊपर्यंत सगळीकडे विखुरलेलेच असते.

मी मात्र थांबले नव्हते.

तिसऱ्याच महिन्यात एका ओळखीच्यांच्या ओळखीतून सेकंडहँड पिस्तूल मिळालं. परदेशी, नावाजलेलं, नवं घ्यायला गेलं तर दीड-दोन लाखांच्या घरातलं. मला अठ्ठ्याहत्तर हजारांना पडलं. मी फोटो बघूनच हरखले होते. पेटी आल्यावर सरांनी पिस्तूल हातात घेतलं, उलटं केलं, सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरलं. हवेच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षं असते. माझ्याची संपायला पाच आठवडे राहिले होते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि दोनशे बार दाबाची वस्तू तोंडापासून हातभर अंतरावर धरायची म्हटल्यावर सरावातही चालवू नये. नवा मागवायला पंचवीस हजारांच्या वर गेले आणि दोन महिने वाट बघितली ती वेगळीच.

दुसरी गोष्ट लक्षात यायला जास्त वेळ लागला. माझे छर्रे डावीकडे जायचे. घड्याळाच्या भाषेत आठ-नऊच्या मध्ये, अगदी नेमानं. मी मागच्या साइटचा स्क्रू फिरवून ते मध्ये आणायची, दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा डावीकडे. शेवटी सर मागे न राहता बाजूला बसले आणि नुसतं माझं बोट बघत राहिले. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, मध्यम मापाचं होतं, माझा तळहात लहान. बोट ट्रिगरपर्यंत कसंबसं पोचायचं, त्यामुळे टोकानं ढकललं जायचं. ट्रिगर मागे येण्याबरोबर पिस्तुलाचं नाकही डावीकडे वळायचं. साइटचा दोष नव्हताच.

ग्रिप लहान करायचं ठरलं. त्याची पद्धत अशी: तळहाताला खडूची पूड चोळायची, पिस्तूल नेहमीसारखं धरायचं, सोडायचं. जिथे पांढरं उमटलं तिथे लाकूड हाताला टेकतं. उमटायला हवं तिथे नाही आणि नको तिथे दाट, असं दिसलं की कानशीनं थोडं थोडं काढायचं. मी ग्रिप घेऊन गल्लीतल्या सुतारमामांकडे गेले. त्यांनी नखानं रेषा बघितल्या, वास घेतला. ‘अक्रोड हाय की हे. एवढं चांगलं लाकूड आणि कोरायचं म्हणतीस?’ पण तीन बैठकांत त्यांनी अंगठ्याची खोबण खोल केली आणि मागचा फुगीर भाग उतरवला. जिथे जास्त गेलं तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरली. दिसायला ते आता वाळवी लागल्यासारखं दिसतं. पण डोळे मिटून हात उचलायचा, उघडायचे, साइट आपोआप रेषेत आलेली असते. ही परीक्षा दुकानातही करता येते, आणि पिस्तूल निवडताना मी आता हीच एक परीक्षा खरी मानते. ग्रिपवर लहान, मध्यम, मोठं अशी मापं असतात. चप्पल घेताना जेवढा वेळ घालवतो तेवढा तरी घालवा.

ट्रिगरचं थोडक्यात. नियमानं तो सुटायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागायला हवा. स्पर्धेआधी तपासणीच्या टेबलावर ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगून उचलतात, सुटला तर पिस्तूल बाद. नवशिक्यांनी काठावर न ठेवता थोडा जड ठेवावा. पिस्तुलाचं एकूण वजनही १५०० ग्रॅमच्या आत लागतं, पण बहुतेक मॅच पिस्तुलं हजारच्या आसपासच असतात. किलोभराची वस्तू एका हातानं, कोपर न वाकवता, पुन्हा पुन्हा उचलून धरायची हे कळायला पहिल्या आठवड्यात खांदा बोलतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की साधा, यावर रेंजवर वाद रंगतात. इलेक्ट्रॉनिक अतिशय स्वच्छ, न अडखळता सुटतो, पण बॅटरी आणि सर्किट आलं. टोकियोला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि तिची कित्येक मिनिटं दुरुस्तीत गेली, ते आम्ही टीव्हीवर बघितलंय. मी साध्या ट्रिगरवर खूश आहे. दुरुस्तीला मुंबई-पुण्याला पाठवावं लागणाऱ्या माणसानं कमी बिघडणारी वस्तू घ्यावी.

स्वस्तातली स्प्रिंगची पिस्तुलं ऑनलाइन दिसतात. नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायची ती. डबे पाडायला ठीक. स्प्रिंग सुटताना पुढे-मागे दोन झटके बसतात, ते छर्रा नळीत असतानाच, आणि ट्रिगर उसाच्या चरकासारखा. शिकायला त्याचा फायदा नाही, उलट सवयी बिघडतात. बजेट अगदीच कमी असेल तर एका दट्ट्यात हवा भरणारं जुनं पिस्तूल शोधा. रशियन बनावटीचं आयझेडएच-४६ हे त्यातलं प्रसिद्ध. दर शॉटला लांब दांडा ओढायचा, साठ शॉट म्हणजे साठ वेळा, पण सिलिंडर नाही, तारीख नाही, टाकी नाही आणि नेम मात्र खणखणीत.

आता छर्रे. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी.

माझा हिशेबाचा धंदा, त्यामुळे हे आधी मांडलं. एका दिवसाला साठ शॉट आणि सुरुवातीचे दहा, म्हणजे सत्तर. आठवड्याला २१०. वर्षात पन्नास आठवडे धरले तर साडेदहा हजार छर्रे, म्हणजे पाचशेच्या एकवीस डब्या. महागड्या आणि साध्या छर्ऱ्यांत एका डबीमागे चारशे रुपयांचा फरक धरला तरी वर्षाला ८,४०० होतात. त्यात नव्या नेमबाजाचे बूट येतात.

कागदावर मारायला सपाट तोंडाचे छर्रे लागतात, कारण ते कागद पंचिंग मशिनसारखा गोल कापतात आणि रिंगेचा वाद होत नाही. टोकदार किंवा गोल तोंडाचे कागद फाडतात. सपाटमध्येही दोन वर्ग: सरावाचे आणि मॅचचे. एकाच जर्मन कंपनीचे आरडब्ल्यूएस हॉबी आणि आर१० घेतले तर कारखाना तोच, पण मॅचच्या छर्ऱ्यांची निवड कडक असते. मॅचच्या डबीवर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५० असं. मुरलेले नेमबाज पिस्तूल शिकंज्यात आवळून कुठलं माप आपल्या नळीला जमतं ते तपासतात.

मी सुरुवातीला हौसेनं मॅचचेच वापरायची. सरांनी एकदा झाकण नसलेल्या दोन वाट्या पुढे ठेवल्या, एक आणि दोन असे आकडे टाकून. प्रत्येकीतून तीस शॉट. मी पहिल्या वाटीतून २७३ केले, दुसरीतून २७१. महागडे दुसऱ्या वाटीत होते. सर नुसते हसले. चांगल्या सरावाच्या छर्ऱ्याचा विखुराही नळी बांधून मारल्यावर दहाच्या रिंगेत मावतो. माझ्या हाताचा विखुरा सात-आठच्या रिंगेपर्यंत जातो. त्या गर्दीत छर्ऱ्याचा दोष शोधणं म्हणजे अंबाबाईच्या नवरात्रात हरवलेली एक चप्पल शोधणं.

पण म्हणून सुटे, अगदीच स्वस्त घेऊ नका. एकदा एका दुकानातून अर्ध्या किमतीत डबी आणली. झाकण उघडलं तर तळाशी काळी भुकटी, आणि दहातल्या दोन-तीन छर्ऱ्यांची खालची झालर चेपलेली. चेपलेली झालर नळीत नीट बसत नाही, हवा गळते, छर्रा खाली पडतो आणि आपण बिचाऱ्या मनगटाला दोष देतो. चांगल्या डबीलाही उंचावरून पाडलं तर हेच होतं. डबी पडली तर ती ‘सुरुवातीच्या दहा शॉट’साठी वेगळी काढायची.

आणि ते शिसं आहे. छर्रा ओठात धरून पिस्तूल उघडायची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. सराव झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भडंगाच्या पुडीत हात घालायचा नाही. आमच्या रेंजवर हा नियम बंदुकीच्या नियमांइतकाच कडक आहे.

हवेचं म्हणाल तर एका भरणीत दीडशेच्या वर शॉट होतात, आणि बहुतेक रेंजवर पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवर असते तशी मोठी टाकी असते, तिथून भरून मिळतं. घरी हातपंपानं दोनशे बार गाठणं म्हणजे जिमची फी वाचवणं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे भिंतीलाही घाम येतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, साइटच्या स्टीलवर तेलाचं बोट फिरवा, नळीत तेल घालू नका. नळीतून आरपार जाणारी रंगीत दोरी, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण दाखवणारा सेफ्टी फ्लॅग, विकत मिळते. आम्ही गवत कापायच्या मशिनची नायलॉन तार कापून वापरतो, पाच रुपयांत काम होतं.

पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी, पनवेलला ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांची अकादमी, इथे नवशिक्यांना क्लबचं पिस्तूल हाताळायला मिळतं. लहान शहरांतही आता चौकशी केली तर दहा मीटरची एखादी रेंज सापडते. सहा महिने झाल्यावर आणि तीस शॉटमध्ये अडीचशेच्या आसपास स्थिर झाल्यावर खरेदीला निघा. सेकंडहँड घेत असाल तर तळहाताचं माप कळवा, ग्रिप कुठल्या मापाचं ते विचारा, दुरुस्ती कुणी केली ते विचारा, आणि सिलिंडरवरची तारीख स्पष्ट दिसेल असा फोटो मागवा. पिस्तुलाचा फोटो तर सगळेच पाठवतात.