दुसऱ्यांना अपडेट आलं, मला का नाही? आधी हे तपासा

एकाच घरातल्या दोन अँड्रॉइड फोनपैकी एकाला नवी आवृत्ती येते, दुसऱ्याला महिनोन् महिने येत नाही. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. गूगलने तयार केलेलं अँड्रॉइड आधी क्वालकॉम, मीडियाटेकसारख्या कंपन्यांच्या चिपशी जुळवावं लागतं. मग सॅमसंग, शाओमी त्यावर आपला साज चढवतात, चाचण्या होतात आणि शेवटी थोड्याथोड्या फोनना ते सोडलं जातं. गडबड दिसली की तिथेच थांबवता यावं म्हणून. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून चिपचा भाग वेगळा काढल्याने हे काम सोपं झालं, पण रांग संपली नाही. आयफोनची चिप आणि प्रणाली दोन्ही ॲपलचीच, म्हणून तिथे जगभर एकाच दिवशी अपडेट खुलं होतं.

१. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून मॉडेल नंबर बघा. नुसत्या नावावर जाऊ नका. २०२४ मध्ये भारतात आलेल्या गॅलॅक्सी एस २४ मध्ये सॅमसंगची एक्झिनॉस चिप होती, अमेरिकेतल्यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन. तिकडच्या भावाला अपडेट आलं म्हणजे इथे आलंच पाहिजे असं नाही.

२. तिथेच कुठेतरी सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्तीची, तारीख असते. माझ्या मते आवृत्तीच्या आकड्यापेक्षा हीच महत्त्वाची. अँड्रॉइड एक आकडा मागे असलं तरी बिघडत नाही; पॅच वर्षभर जुना असेल, तर मात्र त्या फोनवर बँकेचे व्यवहार नकोत.

३. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार ते शोधा. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस २४ ला सात वर्षांचं आश्वासन आहे, स्वस्त फोनना बरंच कमी. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात घेताना हे ध्यानात असू द्या.

४. आता स्वतः तपासा. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, सॉफ्टवेअर अपडेट, डाउनलोड अँड इन्स्टॉल. पिक्सेलमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, सॉफ्टवेअर अपडेट. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. आयफोनवर अपडेट आपोआप येण्याची वाट पाहिली तर काही आठवडेही जाऊ शकतात, हाताने घेतलं तर लगेच मिळतं. अँड्रॉइडवर तुमच्या मॉडेलसाठी अपडेट सुटलंच नसेल, तर बटण शंभरदा दाबूनही उपयोग नाही.

५. ‘गूगल प्ले सिस्टीम अपडेट’ हा पर्याय वेगळा असतो आणि बहुतेकांनी तो कधी उघडलेलाच नसतो. अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग गूगल इथून थेट पाठवतं, फोन कंपनीसाठी न थांबता.

६. इन्स्टॉल करण्याआधी बॅकअप घ्या, जागा रिकामी करा, वाय-फाय आणि चार्जिंग बघा.

आणि व्हॉट्सॲपवर ‘सिस्टीम अपडेट’ नावाची एपीके (ॲप बसवणारी) फाइल आली, तर ती उघडू नका, डिलीट करा. फोनची प्रणाली कोणतीच कंपनी अशी पाठवत नाही.