प्रगती पुस्तकातला 'आवड / छंद' हा रकाना खरा कसा भरायचा

दिवाळीच्या सुट्टीआधी कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत डोकावून बघा, संकलित चाचणीचे पेपर तपासून झालेले असतात, आता वर्णनात्मक नोंदी राहिल्या अन् ग्रुपवर तयार नोंदींची एक पीडीएफ फिरायला लागते. त्यातून बघून बघून आवड / छंदच्या रकान्यात उतरवायचं, वाचनाची आवड आहे, चित्र काढते, गाणी म्हणते, की चौथ्या पोराला परत वाचनाची आवड. मी पण सहा वर्षं हेच केलं, खोटं कशाला बोलू. मग एका वर्षी तिसरीतल्या एका पोट्ट्याला "वाचनाची आवड आहे" लिहून दिलं, त्याच्या बाबांनी ते शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं अन् मला बस स्टॉपवर गाठून म्हणे, "मॅडम, ह्याले वाचता येते काय?" येत नव्हतं हो.

तेव्हापासून पीडीएफ बंद. खाली जे लिहिते आहे ते यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन मास्तरांच्या शाळेत, पहिली ते चौथीची २७ पोरं सांभाळत जमवलेलं आहे, म्हणजे एका हाताने खिचडीचं रजिस्टर अन् दुसऱ्या हाताने वर्ग असा हिशेब, त्यामुळे तुम्हालाही जमेल.

सगळ्यात आधी एक प्रश्न विचारणं बंद करा, "तुला काय आवडतं?" हा. पोरं हुशार असतात, मॅडमला काय ऐकायचं ते त्यांना माहीत असतं. एकजण म्हणाला अभ्यास, की ओळीने सगळे अभ्यास. पुढचा क्रिकेट म्हणाला की तिथून पुढे सगळे क्रिकेट. त्यापेक्षा असं विचारा की काल शाळा सुटली, घरी जाऊन दप्तर कुठं ठेवलं, मग काय केलं, मग, मग? या "मग"मध्ये सगळं येतं. दप्तर कोठीत फेकलं, बकऱ्या सोडल्या, धुऱ्यावर बोरं खाल्ली, मोटरची वायर निघाली होती ती बाबांनी जोडली तेव्हा टॉर्च धरला. आता टॉर्चबद्दल तो किती वेळ बोलतो ते बघा, बोरांबद्दल एक वाक्य अन् वायरीबद्दल पाच मिनिटं, तर कळलंच ना.

हे वर्गासमोर उभं करून विचारायचं नाही. खिचडीच्या वेळी शेजारी बसून, किंवा पाऊस लागला अन् सगळे व्हरांड्यात अडकले तेव्हा. अन् "बाबा काय करतात" हे तर चारचौघात अजिबात नाही. आपल्या भागात कोणत्या घरात काय होऊन गेलं आहे ते आपल्याला माहीत असतं अन् कधी कधी नसतंही. "घरी कोण कोण असतं" एवढं पुरतं, पोरगं ज्याचं नाव आधी घेईल तिथून पुढे बोला.

भाषा सुधारायची तर या वेळी बिलकुल नाही. "मले बैल बनोता येते" म्हणालं की "मला म्हण, मला" असं केलं की संपलं, पुढचं वाक्य येत नाही. बंजारा तांड्यावरून येणारी पोरं तर पहिलीत याडी, म्हणजे आई, याच्यापुढे वर्गात बोलतच नाहीत, आपण म्हणतो लाजरी आहेत. घरी बोलतात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, पोडावरची, म्हणजे कोलाम वस्तीवरची, पोरं कोलामी, अन् आपण विचारतो पुस्तकी मराठीत. आधीच्या शाळेत मी एका पोरीला दोन महिने मुकी समजत होते अन् होळीला तांड्यावर गेले तर ती बायांच्या घोळक्यात लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणत होती, आवाज असा की सगळा तांडा ऐकेल. त्या दिवसापासून तिची मोठी बहीण आमची दुभाषी झाली.

आता वही. दोनशे पानी एक वही घ्यायची, प्रत्येक पोराला दोन पानं. रोज तीनच पोरं बघायची, जास्त नाही, २७ पोरांची एक फेरी ९ दिवसांत होते. आपल्याकडे शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा थोडी उशिरा, जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे जुलै संपेपर्यंत दोन फेऱ्या आरामात. लिहायचं काय, तर डोळ्याला दिसलं ते अन् कानाने ऐकलं ते, आपलं मत नाही. "चंचल आहे" हे मत झालं. "गणिताच्या तासाला तीनदा उठला, तिन्ही वेळा खिडकीतून ट्रॅक्टर बघायला" ही नोंद झाली. पहिल्या वाक्याचं काहीच करता येत नाही, दुसऱ्याचं लय काही करता येते.

नोंद किती कामाची असते ते सांगते. चौथीतली एक पोरगी, माझ्याच हाताने लिहिलेलं, "हातच्याची वजाबाकी येत नाही." नोव्हेंबरमध्ये कापूस वेचणी जोरात असते, दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी खिचडी खाता खाता मैत्रिणीला सांगत होती, आईचा २३ किलो झाला, आजीचा १७, पण गाठोड्याच्या फडक्याचा एक किलो कापला, मग १० रुपयांनं ३९० आले अन् आजी भांडली की १७० तं माह्याच हिश्श्याचे होते. मी ताटातला घास ताटातच ठेवून ऐकत होते. फळ्यावरची उभी मांडणी तिला परकी होती, वजाबाकी नव्हती. दुसऱ्या दिवशी स्प्रिंगचा वजनकाटा शाळेत आणला अन् दप्तरं मोजायला लावली, वजाबाकी तिने बाकीच्यांना शिकवली.

शनिवारी सकाळची शाळा असते, तो वेळ सोन्यासारखा आहे. वर्गाचे चार कोपरे करा, एकात ओली माती, एकात पुस्तकं, एकात तराजू-टेप-बाटल्या, एकात कागद-खडू. चाळीस मिनिटं कुठेही बसा म्हणायचं अन् आपण तोंड बंद ठेवायचं (हेच सगळ्यात अवघड). कोण कुठं गेलं ते लिहा, पण त्याहून जास्त, कोण किती वेळ टिकलं ते लिहा. पहिल्या शनिवारवर विश्वास ठेवू नका, त्या दिवशी पोरं कोपऱ्यात जात नाहीत, मित्राच्या मागे जातात. तिसऱ्या शनिवारी खरं चित्र दिसते. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, आधीचा शनिवार असेल तर मातीच्या कोपऱ्यात गर्दी होणारच, तो मोजू नका.

आता शिकण्याच्या पद्धतीबद्दल. ट्रेनिंगमध्ये आपल्याला सांगतात की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही करून, अन् मग एक प्रश्नावली भरून पोरावर शिक्का मारायचा. माझं मत विचाराल तर ती प्रश्नावली रद्दीत घाला. २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं सगळं संशोधन तपासलं होतं, अन् मुलाच्या 'स्टाइल'प्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आपल्या अनुभवालाही ते पटते. नकाशा सगळ्यांनाच बघावा लागतो, कविता सगळ्यांनाच ऐकावी लागते, लिटर सगळ्यांनाच बाटलीने ओतून बघावा लागतो. पद्धत विषयाची असते.

मग पोराचं काय बघायचं, तर सुरुवात कशी करतो ते. आधी दुसऱ्याचं बघून मग हात लावतो की न ऐकताच सुरू होतो, एकटा बसला की चालतो की जोडीदार लागतो, उत्तर मोठ्याने देतो की जवळ येऊन कानात सांगतो, पाटीवर लिहितो पण वहीवर हात थरथरतो का (पाटीवरचं पुसता येतं, म्हणून). एकच गोष्ट दोन दिवस दोन पद्धतीने देऊन बघा, फरक दिसला तर लिहा, नाही दिसला तर तेही लिहा.

अन् हे सगळं करायच्या आधी डोळे-कान तपासून घ्या बाप्पा! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा शाळेत येते, त्या दिवशी नेमकं गैरहजर राहिलेल्या पोरांची यादी काढून ठेवा अन् मागे लागा. माझा एक "लक्ष न देणारा" चष्मा लागल्यावर पहिल्या आठवड्यात फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायला लागला, रिकामा फळा असला तरी तो बघत बसायचा.

घरी जायचं तर संध्याकाळी, सगळे वावरातून आल्यावर, अन् पहिल्या भेटीत तक्रार एक शब्दाची नाही. आईबाप थकलेले असतात, त्यांना वाटते मॅडम आली म्हणजे पोरानं काही केलं, अन् पोरगं आतून मार खायच्या तयारीत बघत असते. आजीजवळ बसा. "आजी, हा घरी कोणाच्या मागं मागं राहतो?" एवढंच विचारलं होतं, तर म्हणे, "काय सांगू मॅडम, हे तं दिवसभर बकऱ्यायच्या मागं. कोन्ती कधी व्याली, सारं याले पाठ." चहा नाही म्हणू नका, तेवढ्यात अजून चार गोष्टी निघतात.

इथे माझी एक फजिती पण सांगते. बकऱ्या सापडल्या म्हणून मी इतकी खुश झाले की बेरीज बकऱ्यांची, गुणाकार बकऱ्यांच्या पायांचा, निबंध माझी बकरी. पंधरा दिवसांनी तो स्वतः टेबलाजवळ आला अन् हळूच म्हणाला, "मॅडम, आता बकऱ्या नका ना आणू." घरी पण तेच काम, शाळेत पण तेच. आवड हा दरवाजा म्हणून एकदा-दोनदा वापरा, तिचा घाणा करू नका. दिवाळीनंतर पुन्हा एक फेरी घ्या, तोपर्यंत अर्ध्यांच्या आवडी बदललेल्या असतात. बकरीवाला सध्या जुन्या रिमोटच्या मागे आहे, खिशात कायम दोन सेल.

रकाना छोटा आहे, पाच-सहा शब्द बसतात. मी "बंद पडलेल्या वस्तू खोलून बघतो" असं लिहिलं, तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं हा काय छंद आहे का. मी पोराला हाक मारली, त्यानं खिशातला रिमोट काढून दाखवला, साहेबांनी सही केली.

बदली झाली तर ती वही सोबत नेऊ नका, चार्जच्या कागदांसोबत पुढच्या मास्तरांना द्या. मी आधीच्या शाळेतून निघताना आपली मेहनत म्हणून घेऊन आले होते. ऑगस्टमध्ये तिथल्या नवीन सरांचा फोन आला, मॅडम, तिसरीतली एक पोरगी काहीच बोलत नाही, मुकी आहे का. वही माझ्या घरी कपाटात. फोनवरच सांगितलं, सर, चौथीतल्या बहिणीला बोलवा.